कोंगलदिब्बा : निरंक

४ ऑक्टोबर

रिटायर होऊन तेरा वर्षं झाली आणि आज पुन्हा कामाला लागलो. पगार नाही, खुर्ची घरचीच, साहेब मात्र कडक. साहेब म्हणजे आमची मुलगी केतकी.

केतकीची संस्था समुद्रकाठच्या गावांचा तक्ता करते आहे. पन्नास वर्षांत कुठल्या वादळात कुठल्या गावाचं किती नुकसान झालं, ते सगळं एका जागी. त्यावरून दोन गोष्टी ठरायच्या आहेत. वादळ आलं की कुठल्या गावची माणसं आधी हलवायची, आणि कुठल्या गावात पक्की निवारा-शाळा बांधून आजूबाजूच्यांना तिथं आणून ठेवायचं. जुन्या रजिस्टरांचे फोटो काढून आणलेत, पण ते अक्षर तिच्या ऑफिसात एकालाही लागत नाही. निम्मं इंग्रजी, निम्मं तेलुगू, वर आमच्या खात्यातल्या तुटक खुणा.

"बाबा, किती गिचमिड लिहायचे तुमच्या काळात!"

म्हटलं, "एसीत बसून लिहिलेलं नाही ते. होडीत, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलंय."

मी सांख्यिकी खात्यात चौतीस वर्षं काढली. सत्त्याहत्तरच्या मोठ्या वादळानंतर इथून, हैद्राबादहून, जी पोरं आंध्रच्या किनाऱ्यावर पाठवली त्यात मी होतो. तेवीस वर्षांचा. केतकीला याचा फार अभिमान. तिच्या ऑफिसात सांगून ठेवलंय, माझे बाबा स्वतः तिथे होते म्हणून.

काम सुरू झालं की डायरी ठेवायची ही जुनी खोड, म्हणून गौलीगुड्याच्या बाजारातून ही वही आणली. केतकी बरकतपुऱ्याला राहते, इथं दहा मिनिटांत टपकते. पण मराठी वाचताना तिची गाडी जोडाक्षरापाशी पंक्चर होते. तेव्हा मनमोकळं लिहायला हरकत नाही.

कुसुमची हाक आली, "अहो, साखर वाढलीय. येताना आणा." म्हणजे डबा रिकामा आहे. आमच्या घरात काही संपत म्हणून नाही. तांदूळ वाढतात, मीठ वाढतं, तेल वाढतं. माझी आई असंच बोलायची, तिची आईही. संपलं म्हटलं की घरातून लक्ष्मी जाते म्हणे. उठतो.

९ ऑक्टोबर

आज केतकी रितेशला घेऊन आली. तिच्या हाताखालचा पोरगा, गौलीगुड्याच्या मराठी घरातला, मराठी बोलता बोलता दख्खनीत घसरतो. लॅपटॉप उघडून त्यानं नुकसानीची रेघ दाखवली. बापरे! सत्त्याहत्तरला खाली, आणि आज थेट छताला.

"देखो अंकल, समुंदर गरम होऊन राहिला. पहिले वादळाला ताकद यायला चार दिन लागायचे, आता एक दिवसात तयार."

म्हटलं, "असेल बाबा. पण आधी एक सांग, त्या वेळी वाटेत काय होतं आणि आता काय आहे?"

आमच्या घरामागच्या नाल्याची गोष्ट सांगितली. मी शाळेत होतो तेव्हाही त्याला पूर यायचा. दोन म्हशी ओरडायच्या, एखादं कुंपण जायचं, दुसऱ्या दिवशी आम्ही जामबागला शाळेत हजर. आता तेवढंच पाणी आलं तर चाळीस फ्लॅट, पंचवीस गाड्या आणि एक कोचिंग क्लास बुडतो. नाला तोच आहे, आपण त्याच्या मांडीवर जाऊन बसलो. किनाऱ्यावरही तेच. जिथं झाडी होती तिथं कोळंबीची तळी, जिथं दहा झोपड्या होत्या तिथं दोनशे स्लॅबची घरं. वादळानं वेगळं काय करायचं? वाटेत असेल ते पाडायचं.

केतकीनं दर वर्षाचं नुकसान त्या वर्षीच्या घरांच्या संख्येनं भागलं. रेघ बरीच खाली बसली. रितेशचं तोंड पडलं, मग त्यानं शेवटच्या काही वर्षांवर बोट ठेवलं. तिथं रेघ अजूनही थोडी चढते.

"इतना हिस्सा तो समुंदरचा सोडा ना, अंकल."

सोडला. आणि मेलेल्या माणसांची रेघ वेगळी काढली तर ती उतरत येते. इशारा आधी मिळतो, माणसं आधी हलतात. हे बघून बरं वाटलं. त्या वेळी कुणी कुणाला हलवलं नव्हतं.

जाताना केतकी म्हणाली, "म्हणजे बाबा, हे सगळं सत्त्याहत्तरवर उभं आहे. तिथून मोजायला सुरुवात. ते आकडे पक्के आहेत ना?"

मी म्हटलं, "पक्के."

१३ ऑक्टोबर

केतकीचा फोन. ओरडतच होती. एका पानाखाली माझी सही सापडली. दि. वि. कंधारकर, दुसऱ्या 'क'ची शेपटी आजही तशीच काढतो. सतरा गावांचं पान. शेवटची ओळ कोंगलदिब्बा. घरं पडली : निरंक. माणसं दगावली : निरंक. धान्य : भरपूर.

"बाबा, चहूकडे सगळी गावं वाहून गेली आणि मधे हे एक गाव टिकलं! मिरॅकलच की. आठवतं का तुम्हाला?"

हे गाव मला आठवत नाही.

१५ ऑक्टोबर

उपमा खारट झाला होता. कुसुम म्हणते झाला नव्हता. संध्याकाळी फिरायला गेलो नाही.

१६ ऑक्टोबर

भाजीबाजारात एका पोराशी भांडलो. चूक त्याचीच होती. कुसुम म्हणाली, "अहो, चार दिवस झाले, तुम्ही कुणाशी भांडताय?" बायकांना काहीही दिसतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळून झाल्यावर केतकीनं भलं मोठं पाकीट पुढे केलं. ते पान तिनं मोठं करून छापलंय, काच घालून, सोनेरी कडेची फ्रेम. खाली इंग्रजीत माझं नाव आणि नोव्हेंबर १९७७. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. "बाबा, लोक आजोबांच्या तलवारी लावतात. आपण हे लावू."

कुसुमनं शेजारच्याचं ड्रिल मागून आणवलं आणि टीव्हीच्या वर लावून टाकली. बातम्या बघायला बसलं की नजर वर जाते. सतरा ओळी. चष्मा काढून बसलो तरी सतरावी वाचता येते.

३० ऑक्टोबर

केतकीकडे चहाला गेलो होतो. तिनं सांगितलं, निवारा-शाळेची जागा जवळजवळ ठरली. कोंगलदिब्बा.

"कसं काय?" म्हटलं.

"अहो बाबा, कोंग म्हणजे बगळा, दिब्बा म्हणजे उंचवटा ना? नावातच आहे. आणि सत्त्याहत्तरातसुद्धा तिथं काही झालं नाही. नंतर पंचवीसतीस वर्षांनी कोळंबीवाल्यांची वस्ती झाली, एक मोठी शाळा आधीच आहे. आजूबाजूच्या चार गावांना वादळात तिथं आणायचं. साडेतेवीसशे लोक."

"नावावर जाऊ नये गं. आपल्याकडे पाणी नसलेल्या गल्लीलाही कुंटा, म्हणजे तळं, म्हणतात."

"मग आकड्यावर जाऊ. तुमचा आकडा आहे!" असं म्हणून हसली.

मी म्हटलं चहात साखर जास्त आहे, आणि उठलो. तक्ता २८ नोव्हेंबरला द्यायचाय.

३१ ऑक्टोबर

तेरा तारखेला लिहिलं की गाव आठवत नाही. ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारा मी एकटाच असेन.

वादळ होऊन सहावा दिवस होता. माझ्याकडे सतरा गावं. होडीतून जायचं, तीन रकाने भरायचे, अंधाराआधी मछलीपट्टणमला कागद पोचवायचा, म्हणजे सकाळी त्यावरून तांदळाच्या लॉऱ्या सुटणार. तिथले लोक त्या शहराला बंदर म्हणतात. सोळा गावांत जे पाहिलं ते इथं लिहिणार नाही. कोंगलदिब्ब्याला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. मधे पाणी फुटून पसरलेलं, मेलेल्या म्हशी झाडांत अडकलेल्या. होडीवाला म्हणाला, पुढं जात नाही. पलीकडच्या बांधावर एक माणूस उभा होता, अंगावर लंगोटी. त्याच्या मागे ताडाची झाडं आणि धुरकट पाऊस. गाव असलं तर झाडांमागे असणार.

माझं तेलुगू हैद्राबादच्या बाजारातलं. भाव करायचा, बसमध्ये चढायचं, एवढंच. तोंडाला हात लावून ओरडलो, "गिंजलु उन्नाया?" म्हणजे दाणे आहेत का?

तो ओरडला, "अन्नी निंडुकुन्नायी, बाबू!"

निंडु मला येत होतं. बस भरली की कंडक्टर तेच म्हणायचा. निंडु म्हणजे भरलेलं. अन्नी म्हणजे सगळं. सगळं भरलेलं आहे, बाबू. माझा जीव भांड्यात पडला. दिवसभरात एक तरी गाव धड निघालं. कणग्या भरलेल्या म्हणजे घरं उभी, घरं उभी म्हणजे माणसं जिवंत. निरंक, निरंक, भरपूर. त्यानं हात जोडले. मीही जोडले. होडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सोळा लॉऱ्या सोळा गावांना गेल्या.

मी त्यानं सांगितलं ते लिहिलं.

५ नोव्हेंबर

गेल्या वेळची शेवटची ओळ चार वेळा वाचली. वकिलासारखी आहे.

तर उरलेलं. मला बंदरलाच ठेवून घेतलं, सहा महिने. सत्यवतम्मा नावाच्या बाईंकडे खोली आणि जेवण. अठ्ठ्याहत्तरचा मे. मी हात धुऊन पाटावर बसलो तर त्या डबा हातात घेऊन आल्या नि म्हणाल्या, "बिय्यम निंडुकुन्नायी, नायना. जरा दुकानातून आण." तांदूळ भरले आहेत, बाळा, आण. मी हसलो. म्हटलं, भरलेत तर आणू कशाला? त्यांनी डबा उलटा करून दाखवला. एक दाणा पडला नाही. आणि कानात सांगावं तसं म्हणाल्या, "नाहीत असं घरात म्हणू नये रे. निंडुकुन्नायी म्हणायचं."

मी पाटावरच बसून राहिलो.

माझी आई जन्मभर रिकाम्या डब्यासमोर उभी राहून तांदूळ वाढले म्हणाली. दुसरा कुणी चुकला असता तर समजलो असतो. वाढले म्हणजे संपले, हे दुधाबरोबर प्यालेला मराठी माणूस, आणि मला भरले म्हणजे संपले एवढं कळू नये? सगळं संपलंय, बाबू. असं तो ओरडत होता. ते हात नमस्काराचे नव्हते. आणि मी हात जोडून पाठ फिरवली.

आता खरी गोष्ट. हे मेमध्ये कळलं. मार्चमध्ये मी पर्मनंट झालो होतो. कुसुमच्या वडलांनी एकच विचारलं होतं, नोकरी पक्की आहे ना? मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी त्यांना फाईल दाखवत होतं. दोन मिनिटं थांबलो आणि परत आलो. स्वतःला सांगितलं, सहा महिने होऊन गेलेत, आता दुरुस्ती करून कुणाच्या पोटात भात जाणार आहे? नंतर हेच वर्षानुवर्षं सांगत आलो. त्या गावाकडे पुन्हा गेलो नाही. बदलीच्या यादीत तो जिल्हा आला की पाठदुखी काढायचो.

डिसेंबरात लग्न झालं. कुसुमला आजवर सांगितलेलं नाही.

९ नोव्हेंबर

आज सांगायचंच म्हणून मेट्रो पकडून केतकीच्या ऑफिसात गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. दारातच तिनं हात धरला आणि मजलाभर फिरवून आणलं. "हे माझे बाबा. नाइन्टीन सेवन्टीसेवन." पोरं उठून उभी राहत होती. एकीनं पाया पडून घेतलं. रितेशनं समोसा आणला. म्हणाला, "अंकल, आप का पन्ना हमारा बेस है."

समोसा खाल्ला आणि घरी आलो. केतकीनं विचारलं, काही काम होतं का? म्हटलं, सहज आलो होतो.

लाज वाटते. एकाहत्तर वर्षांचा माणूस समोसा खाऊन परत येतो.

१२ नोव्हेंबर

रितेशला फोन करून आडून विचारलं, एखाद्या गावचा जुना आकडा चुकला तर काय होतं? तो म्हणाला, "कुछ नहीं अंकल. एवढ्या गावांत एकानं रेघ हिलती पण नाही."

रेघेचं खरं आहे. रात्रीपर्यंत स्वतःला तेच सांगत बसलो. पण शाळा रेघेवर बांधत नाहीत, गावात बांधतात.

१६ नोव्हेंबर, सकाळ

बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होतंय. टीव्हीवर फिरती भिंगरी दाखवतात. वर फ्रेम, खाली भिंगरी. कुसुमनं बातम्या बंद केल्या. "तुमचा चेहरा बघा आरशात," म्हणाली.

१६ नोव्हेंबर, दुपार

केतकीचा फोन आला. फार घाईत होती. तिकडच्या लोकांनी तक्ता तयार व्हायची वाट पाहिली नाही, कच्चाच मागवून घेतलाय. उद्या दुपारी बसगाड्या लागणार. चार गावांची माणसं कोंगलदिब्ब्याच्या शाळेत. "बाबा, तुमचा आकडा कामाला येतोय. हेच सांगायला फोन केला." ठेवूनही दिला.

मी स्टुलावर चढून फ्रेम काढली. कुसुम धावत आली, "अहो, पडाल! काय झालं?" मी स्टुलावरच उभं राहून तिला सगळं सांगितलं. होडी, माणूस, निंडुकुन्नायी, सत्यवतम्मांचा डबा, तिच्या वडलांचा प्रश्न. फ्रेम छातीशी धरलेली. खाली उतरायचं सुचलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "दरवर्षी याच दिवसांत तुम्ही पानात घास ठेवून उठता. मला वाटायचं सासूबाईंची तिथी." आणि फोन आणून हातात दिला. "लावा."

केतकीनं उचलला. म्हटलं, "कोंगलदिब्ब्याचा आकडा चूक आहे."

"टाईप करताना?"

"नाही. माझा. ते गाव गेलं होतं. सगळं."

पलीकडे ऑफिसातले आवाज ऐकू येत होते. मग तिनं विचारलं, "किती घरं?"

"माहीत नाही."

"किती माणसं, बाबा?"

"माहीत नाही. मी पलीकडे गेलोच नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. फ्रेमकडे बघता बघता आठवलं, म्हातारपण, काहीही चाललं असतं. तिनं ते मानलंही असतं, तिला ते मानायचंच होतं. तिच्या आवाजात ऐकू येत होतं मला. कुसुम समोर उभी होती.

म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर साली. मे महिन्यात."

तिनं फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर

रितेशचा निरोप आला. केतकीनं काल संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी भांडून जागा बदलून घेतली. बसगाड्या आत, मोठ्या गावातल्या कॉलेजात जाणार. कोंगलदिब्ब्याची पाचशे घरं सगळ्यात आधी रिकामी करणार. वरून तिला विचारलं, ऐनवेळी हे कुठून काढलंत? तिनं माझं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं.

तिनं स्वतः फोन केला नाही.

१९ नोव्हेंबर

वादळ काल संध्याकाळी आत आलं. निम्मं उत्तरेला सरकून विरलं. रितेशला विचारलं, कोंगलदिब्बा? म्हणाला, शाळेत गुडघाभर पाणी. कुणाला काही झालं नाही. लोक कुरकुर करताहेत, उगीच एवढ्या लांब फरपटत नेलं म्हणून.

गुडघाभर. चार गावं तिथं आणली असती तरी कुणी मेलं नसतं. पाय ओले झाले असते. मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं, आणि शाळा तिथंच बांधली गेली असती.

आजची तारीख सत्त्याहत्तरच्या वादळाचीच आहे. कुसुमनं पान वाढलं, मी सगळं जेवलो. तिनं बघितलं आणि रिकामं ताट उचलून नेलं.

२३ नोव्हेंबर

केतकी नाही. फोन नाही. टीव्हीच्या वर भिंतीला दोन भोकं तेवढी दिसतात.

तिच्याशी भांडायलासुद्धा माझ्याकडे काही नाही. तिनं म्हणावं, तुम्ही खोटे आहात. मी म्हणावं, हौ. पुढे काय?

२६ नोव्हेंबर

सकाळी नऊला केतकी आली. चप्पल काढली, माझ्याकडे न बघता टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. सगळ्या रजिस्टरांतून तिनं निरंक लिहिलेली गावं वेगळी काढलीत. त्रेचाळीस.

"बाबा, मला एकच सांगा. निरंक म्हणजे काही झालं नाही, की निरंक म्हणजे कुणी गेलंच नाही?"

तिला हा प्रश्न पडला आणि चौतीस वर्षं खात्यात राहून मला पडला नव्हता. ज्या गावात चार भिंती पडल्या तिथला पाटील रडत यायचा, पडलेली भिंत दाखवायचा, नुकसान लिहिलं जायचं. जिथं काहीच उरलं नाही तिथं सांगायला कोण येणार? कागदावर ते गाव सुखरूप. आम्ही दोघं बसलो. कुठली सही कुणाची, कोण होडीतून जाणारा होता, कोण चहाच्या टपरीवर बसून पान भरणारा, मला माहीत आहे ते सगळं सांगितलं. अकरा निरंक खरे असावेत. बत्तीसवर तिनं लाल पेननं लिहिलं, माहीत नाही. एकदाही मला बाबा म्हणाली नाही, पहिला प्रश्न सोडून.

बारा वाजता तिनं एक नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. चार दिवस शोधून तिनं एक म्हातारी मिळवली होती. नागरत्नम्मा. कोंगलदिब्ब्याची लेक, वादळाच्या आदल्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून वाचली. केतकीनं विचारलं, अम्मा, तिथं किती घरं होती? म्हातारी म्हणाली, आकडा कुठला येतोय मला, बाई. पण विहिरीपासून सुरू करते.

आणि विहिरीपासून सुरू केलं. हे अमक्याचं घर, त्यात इतकी माणसं, त्यांची नावं. मग त्याच्या शेजारचं. मधेच चुकायची, परत विहिरीपाशी यायची. आता मला तेलुगू चांगलं येतं. केतकी पेन घेऊन बसली होती, पण तिचा वेग पुरेना. मी वही ओढली आणि मराठीत लिहायला लागलो. दोन तास. सत्तावन्न घरं. शेवटच्या घरात तिचे आईवडील, भाऊ, वहिनी, आणि एक बाळ ज्याचं अजून नाव ठेवलं नव्हतं.

केतकी म्हणाली, "तुम्ही बोला." फोन माझ्याकडे सरकवला.

मी सांगितलं. तो होडीतला पोरगा मी. पलीकडे एक माणूस उभा होता. तो काय म्हणाला आणि मी काय लिहिलं.

मग ती म्हणाली, "कोण असेल रे तो? ताडावर चढून सातजण वाचले होते. पाळीपाळीनं बांधावर उभे राहायचे म्हणे, होडी येईल म्हणून. एक होडी आली होती, परत गेली, असं ते सांगायचे. त्यानंतर पाच दिवस त्यांना भात मिळाला नाही. सातातले तीनच जगले." मग म्हणाली, "तू परत का गेलास, हे त्यांना कधी कळलं नाही. आता मला कळलं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

केतकीनं संगणकावर तो रकाना उघडला. निरंक पुसलं, सत्तावन्न लिहिलं. माणसांच्या रकान्यात आकडा लिहिताना तिनं माझ्या वहीतली नावं बोटानं मोजली, दोनदा. मग वही स्वतःकडे फिरवून, एकेक अक्षर जुळवत, पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. चुकलं. मी सुधारलं. तिनं परत वाचलं.

"सगळी नावं वाचते," म्हणाली. "उद्या येते, बाबा."

ती गेल्यावर मी तसाच टेबलाशी बसून होतो. कुसुम स्वयंपाकघरातून आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. डबा तिनं माझ्यासमोर उलटा केला.

"अहो, तांदूळ संपले."

लग्नाला पुढच्या महिन्यात सत्तेचाळीस वर्षं होतील. या घरात तो शब्द आज पहिल्यांदा ऐकला. पिशवी घेतली आणि लगेच निघालो.